जड की आवळल्यासारखं?

“दुखलं-खुपलं तर देवाला सांगावं, माणसाला सांगू नये. देव कंटाळत नाही. माणसं कंटाळतात.”

माईच्या आईनं हे सांगितलं तेव्हा माई जेमतेम शाळेत जाऊ लागली होती. बोटात लाकडाचं कुसळ घुसलं होतं, आई सुईच्या टोकानं ते उकरून काढत होती, आणि माईनं घर डोक्यावर घेतलं होतं. कुसळ निघालं, रडं थांबलं. वाक्य मात्र आत रुतलं ते कायमचं.

पुढे त्या वाक्याचाच नेम झाला. रोज सकाळी तोंड धुतलं की, घोटभर पाणीही न पिता, माई खिडकीजवळच्या खुर्चीत डोळे मिटून बसायची. आधी घरातल्या सगळ्यांसाठी मागणं, आणि सगळ्यात शेवटी स्वतःची दुखणी. गुडघा असा धरलाय, पाठ तशी आहे, डाव्या कानात अधूनमधून शिट्टी वाजते. एवढं सगळं त्याच्या कानावर घातलं की डोळे उघडायची, आणि मग दिवस मावळेपर्यंत त्याबद्दल चकार शब्द काढायची नाही. कुणी विचारलंच, तर “अगदी ठणठणीत!” असंही म्हणायची नाही, कारण खोटं बोलायचं नाही हा दुसरा नेम होता. ती म्हणायची, “चाललंय.” आणि चाललेलं असायचंच.

पण गेल्या काही दिवसांपासून एक असं दुखणं आलं होतं, की ते देवालासुद्धा नीट सांगता येईना. जिना चढताना दुसऱ्या वळणावर छातीवर काहीतरी येऊन बसायचं. ते दुखणं नव्हतं. टोचत नव्हतं, जळत नव्हतं, कळ येत नव्हती. नुसतं येऊन बसायचं. कठडा धरून जरा उभं राहिलं की आलं तसं उतरायचं. आधी माईनं वयाच्या माथी मारलं, मग रात्रीच्या जेवणाच्या. गेल्या आठवड्यात मात्र ते जिना नसतानाही आलं, नुसती उशीचा अभ्रा बदलताना. तेव्हा तिला आतून कळलं की हे काही साधं नव्हे.

आणि तरीही ती गप्प राहिली. लेक घरोघरी पार्सलं पोचवायची गाडी चालवायचा. त्याला सांगावं तर गाडी भर रस्त्यात सोडून धावत यायचा, असा हळवा. आणि सुनेची परीक्षा तोंडावर आली होती. परीक्षा झाली की सांगू, माईनं देवाशी ठरवलं. देव ‘हो’ही म्हणाला नाही, ‘नाही’ही म्हणाला नाही.

सून इस्पितळात नाव नोंदवायच्या खिडकीवर बसायची. तिथले पुष्कळ डॉक्टर बाहेरून आलेले, इंग्रजी बोलणारे, आणि पेशंट आपापल्या भाषेत कण्हणारे. दोघांच्या मधे दुभाषी लागायचा, आणि सुनेला ते काम हवं होतं. ते शिकवणाऱ्या बाई मोठ्या खमक्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या डिक्शनऱ्या बंद करायला लावल्या होत्या.

“सारखे दिसणारे दोन शब्द म्हणजे एक जोडी,” त्या म्हणाल्या होत्या. “जुळ्या मुलांसारखी. लांबून सारखीच, पण त्यांच्या आईला विचारा! तर प्रत्येक जोडीसाठी हाडामांसाचा माणूस शोधायचा, ज्याला ते दुखणं खरंच झालंय. त्याचं सगळं ऐकून घ्यायचं आणि मग ठरवायचं, दोनातला कुठला शब्द त्याचा. माणूस मिळेपर्यंत ती जोडी तुमची नाही.”

त्या दिवसापासून सुनेनं सगळी गल्ली पालथी घातली. कुणी कण्हताना दिसला की हिचे डोळे लकाकायचे. पावाच्या भट्टीवाल्याचा भाजलेला हात पाहिला, रखवालदाराची सुजलेली दाढ पाहिली. रखवालदार बिचारा तोंडाचा आ करून उभा, आणि ही विचारतेय, “सलग दुखतंय, की ठोके पडल्यासारखं?” तो म्हणाला, “बाई, आधी दाढ काढायला तरी जाऊ दे.” ठोके पडल्यासारखं म्हणजे ‘थ्रॉब’, तिला कळलं. आणि सलग, मंद, आपलं कुरकुरत राहणारं त्याला इंग्रजीत शब्द ‘एक’.

“एक?” खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई खो-खो हसत म्हणाल्या. “दुखण्याला एक म्हणतात? मग दोन म्हणजे मरण का गं?”

शिंपीणबाईंनी ‘प्रिक’ आणि ‘स्टिंग’ ही जोडी दिली. सुई बोचते ते प्रिक, आणि त्याच बोटाला साबणाचं पाणी लागलं की जे झोंबतं ते स्टिंग. “दोन्ही माझ्याकडे रोज ताजी मिळतात,” त्या म्हणाल्या.

माईनंही दिल्या जोड्या, आणि तिच्या नेमात ते बसत होतं. तिनं त्याचा नीट विचार केला होता. होऊन गेलेलं दुखणं सांगणं ही तक्रार नव्हे, ती गोष्ट. तक्रार चालू दुखण्याची असते. माईची उभी हयात मोठ्या लाँड्रीत गेली होती, हॉटेलांच्या चादरी-पलंगपोस धुण्यात आणि कडक इस्त्री करण्यात. त्यामुळे ‘बर्न’ आणि ‘स्काल्ड’ तिनं बसल्या जागी सोडवून दिले.

“हे बघ,” तिनं मनगटावरचा पांढरा डाग दाखवला. “हा इस्त्रीचा. कोरडा. चर्र झालं आणि संपलं. आणि हा कोपराखालचा आहे ना, तो वाफेचा. वाफ चोरपावलानं येते. आधी नुसतं ऊन लागल्यासारखं वाटतं, आणि कातडी मागाहून सांगते.”

“म्हणजे कोरड्याचं बर्न, ओल्याचं स्काल्ड.” सून खूश झाली. “माई, तुम्ही म्हणजे दुखण्यांचं दुकान आहात!”

“जुन्या मालाचं,” माई म्हणाली. “नवीन माल ठेवत नाही आम्ही.”

हे म्हणताना तिच्या मनाला जराशी चुटपुट लागली. पुरतं खोटं नव्हतं, पण खऱ्याला जरा वळसा होता.

परवावर परीक्षा आली, त्या दुपारी दोघी स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या. खिडकीतून समोरच्या गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे दिसत होते. सुनेचं लक्ष मटारात नव्हतं. दाणे तिच्या बोटांतून निसटून टेबलाखाली पळत होते.

“काय गं, मटारांना पाय फुटले का आज?”

“माई, सगळ्या जोड्या झाल्या. एकच राहिली. छातीची.” सुनेनं उसासा टाकला. “हेवी आणि टाइट. हेवी म्हणजे जड, टाइट म्हणजे आवळल्यासारखं. अर्थ पाठ आहे हो, पण माणूस कुठून आणू? सगळ्यांना विचारलं. पाववाला म्हणाला, छाती फक्त थंडीत खोकल्यानं दुखते. शिंपीणबाई म्हणाल्या, माझ्या छातीवर एकच ओझं आहे आणि ते सोफ्यावर घोरतंय.”

माई हसली. हसता हसता तिचा हात शेंगेवरच थांबला.

“नाही मिळाला माणूस तर?”

“तर ती जोडी सोडून द्यायची. परीक्षेत आली तर ठोकून देईन काहीतरी.” सून खांदे उडवत म्हणाली, आणि मग स्वतःच गंभीर झाली. “परीक्षेचं काय एवढं. पण बाई म्हणतात, बाकी सगळ्या जोड्या चुकल्या तर पेशंटला जरा जास्त दुखेल. ही चुकली तर पेशंट जाईल.”

माईनं शेंग उघडली. आत दाणे ओळीनं बसले होते. तिनं त्यांना बोट लावलं नाही.

सांगितलं, तर जन्माचा नेम मोडला. न सांगितलं, तर हे लेकरू अर्धवट शब्द घेऊन उद्या कुणाच्या तरी उशाशी उभं राहणार. तिनं मनातल्या मनात वर पाहिलं. तिकडून नेहमीसारखं काहीच आलं नाही. मग तिला वाट सुचली, तिच्यासारख्या सरळ बाईला सुचावी इतपतच वाकडी.

“माझ्या ओळखीची एक बाई आहे,” ती म्हणाली.

सून एकदम ताठ बसली. “खरंच? तिला होतं असं?”

“होतं.”

“थांबा हं, मी नीट विचारते, इस्पितळात विचारतात तसं.” तिनं हात पुसले, खुर्ची समोर ओढली, चेहरा परक्या माणसासारखा केला. “कधी होतं?”

“जिना चढताना. दुसऱ्या वळणावर.”

“कुठे?”

“इथं.” माईनं हाताचा पंजा छातीच्या मध्यावर ठेवला, आणि लगेच काढून घेतला. “म्हणजे, तिला.”

“टोचतं का? जळजळतं?”

“नाही. तिला दुखतच नाही, हीच तर पंचाईत आहे. दुखलं असतं तर तिला नाव देता आलं असतं.”

“मग आवळल्यासारखं? कमरेचा पट्टा कुणी छातीला बांधून ओढावा, तसं?”

माईनं डोळे मिटले. इतके दिवस देवापुढे बसून जे सापडलं नव्हतं, ते आता ती मनापासून शोधू लागली. पट्टा? नाही. बाहेरून कुणी घेरत नव्हतं. वरून काहीतरी ठेवलं जात होतं. आणि एकाएकी तिला लाँड्रीतली एक दुपार आठवली. बाकड्यावर पाठ टेकून ती जरा पडली होती, आणि बरोबरच्या बाईनं थट्टेनं पिळायच्या चादरींचं गाठोडं तिच्या अंगावर टाकलं होतं. सगळ्या हसत होत्या. तिला मात्र हसताही येईना आणि ‘काढा’ म्हणताही येईना.

“ओलं गाठोडं,” ती म्हणाली. “न पिळलेल्या चादरींचं. आवळत नाही गं, बसतं. हवा आत जाते, पण तिला जागा शोधत जावं लागतं. आणि मग ते इथून असं वर येतं, जबड्यापर्यंत. दात दुखल्यासारखं वाटतं, पण दात नसतो. आणि डावा हात म्हणजे कुणा दुसऱ्याचाच हात खांद्याला लावल्यासारखा. उभं राहिलं की उतरतं. उतरायचं, म्हणजे. गेल्या आठवड्यात अभ्रा बदलताना आलं ते बराच वेळ उतरलंच नाही.”

नाव सापडल्याच्या आनंदात माई वाहवत गेली होती. तिनं डोळे उघडले. सुनेच्या चेहऱ्यावरचं परकेपण गळून पडलं होतं.

“हेवी,” सून अगदी हळू म्हणाली. “हे हेवी आहे.” मग थोडं थांबून तिनं विचारलं, “माई, ही बाई राहते कितव्या मजल्यावर?”

माईनं हातातली शेंग टेबलावर ठेवली. माई खोटं बोलत नसे.

“आपल्याच,” ती म्हणाली.

पुढचं सगळं भराभर झालं. सुनेनं एक शब्दही रागाचा काढला नाही. तिनं माईला खुर्चीवरून हलू दिलं नाही आणि फोन उचलला. लेक आला तो धापा टाकतच. गाडी पार्सलांनी भरलेली, ती रिकामी करायलाही वेळ नव्हता. पुढच्या सीटवर माई, मधे सून, मागे लोकांची खोकी धडधडत होती.

“लोक खोळंबले असतील रे तुझे,” माई म्हणाली.

“आई, तू गप्प बस!” लेक म्हणाला, आणि मग त्याचा आवाज चिरकला. “म्हणजे गप्प नको बसूस. बोल. कसं वाटतंय ते बोलत राहा. इतके दिवस गप्पच तर होतीस.”

इस्पितळातली खोली लहान होती. पांढरा पडदा, चाकांची खाट, भिंतीवर हात धुवायची बाटली. लेक गाडी लावायला गेला होता. छातीवर वायरी चिकटवून हृदयाच्या आलेखाची एक पट्टी काढून झाली. ती पाहून डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. त्या वेळी माई आडवी होती, शांत होती, गाठोडं छातीवर नव्हतं, त्यामुळे पट्टीतही ते नव्हतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, डोळ्यांखाली जागरणाची वर्तुळं होती, पण बोलणं मऊ होतं. त्यांना इंग्रजीच येत होतं. ठरलेला दुभाषी दुसऱ्या वॉर्डात अडकला होता. आणि सून समोर भिंतीला टेकून उभी असली तरी तिला बोलायची मुभा नव्हती. घरच्या माणसाचं दुभाषीपण करायचं नाही, हा शिकवणाऱ्या बाईंचा पहिला दंडक. घरचा माणूस धीर द्यायला म्हणून शब्द सौम्य करतो, नाहीतर घाबरून वाढवतो. ज्यानं हे मोडलं, तो परीक्षेला बसायचा नाही.

डॉक्टरीणबाईंनी थोडी वाट पाहिली, मग स्वतःच माईजवळ वाकून छातीवर हात ठेवला.

“पेन?”

हा शब्द माईला येत होता. तिनं क्षणभर विचार केला. दुखतं का? नाही. ते दुखणं नव्हतंच.

“नो,” ती म्हणाली.

“नो पेन?”

“नो पेन.” खरं ते खरं.

डॉक्टरीणबाईंचे खांदे सैल झाले. त्यांनी हसून माईचा हात थोपटला आणि त्या उठल्या. बाहेर आणखी लोक होते. माईला दिसलं, सुनेचा चेहरा पांढराफटक पडलाय. तिनं ओठ दातांत धरलेत, आणि आता ती ते सोडणार आहे. परीक्षा गेली खड्ड्यात म्हणून ती बोलणारच. कितीतरी दिवस गल्लीभर वणवण करून, लोकांच्या तोंडात डोकावून जे कमावलं, ते आता एका वाक्यात घालवणार.

दोघींपैकी एकीचा नेम मोडणार होता. माईनं ठरवायला वेळ लावला नाही.

“नो पेन,” ती मोठ्यानं म्हणाली. “हेवी.”

डॉक्टरीणबाई पडद्याशीच थांबल्या. वळल्या.

“हेवी?” त्यांनी विचारलं. मग दोन्ही हातांनी स्वतःच्या छातीभोवती काल्पनिक पट्टा घेतला, तो ओढला. “ऑर टाइट?”

माईला हसूच फुटलं. तिच्या स्वयंपाकघरातला प्रश्न, मटारासकट, एवढा लांब चालत आला होता.

“नो टाइट,” ती खणखणीत म्हणाली. आयुष्यात ती इंग्रजीत इतकी खात्रीनं कधी बोलली नव्हती. तिनं दोन्ही हातांनी मोठ्ठं गाठोडं केलं, उचललं, आणि धप्पकन छातीवर ठेवलं. “हेवी. वेट क्लोद्स. बिग!” मग तिनं हात जबड्याला लावला, डाव्या खांद्यावरून कोपरापर्यंत फिरवला, आणि दोन बोटांनी हवेत जिना चढून दाखवला.

डॉक्टरीणबाईंनी कोपऱ्यातलं स्टूल पायानं ओढलं आणि त्या खाली बसल्या. घाईत नव्हे, नीट, वेळ काढून. “टेल मी,” त्या म्हणाल्या. तेवढ्यात दुभाषी धावत आला आणि माईनं त्याच्यामार्फत सगळं सांगितलं. अभ्र्यासकट. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की समोरच्या बाई जरासुद्धा कंटाळलेल्या नाहीत.

त्या रात्री माई इस्पितळातच राहिली. सकाळी मनगटातून बारीक नळी घालून तपासलं, तेव्हा हृदयाची एक वाहिनी केसाएवढी उरली होती. तिथेच जाळी बसवून ती उघडली. लेकाला आधी भीती वाटली होती तेवढं मोठं काही झालं नाही, आणि आणखी थोडे दिवस गेले असते तर जेवढं झालं असतं त्याचं नावही कुणी घेतलं नाही.

शुद्धीवर तर ती होतीच. पण पहिला पुरता श्वास तिनं घेतला तो वॉर्डात परत आणल्यावर. हवा आत गेली, कुठेही जागा न शोधता, थेट तळापर्यंत. माईनं पुन्हा घेऊन पाहिला. पुन्हा गेली. तिच्या डोळ्यांतून पाणी येऊन कानात शिरलं. बाजूला उभा असलेला लेक घाबरला.

“आई, काय होतंय? दुखतंय?”

“नाही रे. हलकं वाटतंय.”

हे ऐकलं मात्र, आणि तो मोठा बाप्या पलंगाच्या दांडीवर कपाळ ठेवून हमसून हमसून रडला. मग नाक पुसून भांडायलाही लागला. “एवढं होतं तर सांगायचं नाही? आम्ही काय मेलो होतो?”

“अरे, तुम्ही कंटाळाल असं वाटलं.”

“कंटाळू! कंटाळणं हा आमचा हक्क आहे. तू कोण तो काढून घेणारी?”

पलीकडच्या खाटेवरची बाई या वाक्यावर इतकी हसली की नर्सला येऊन बघावं लागलं.

शिंपीणबाई भेटायला आल्या तेव्हा त्यांनी कमरेवर हात ठेवून माईला आपादमस्तक न्याहाळलं. “माझ्या सोफ्यावरच्या ओझ्याचा मी दिवसभर डांगोरा पिटते, आणि तुम्ही एवढं गाठोडं एकट्यानं वर-खाली वाहत होतात! जरा शिका माझ्याकडून.”

परीक्षेच्या दिवशी सून उशाशीच बसून राहिली होती. माईनं तिला अक्षरशः हाकललं. “इथं बसून माझी नाडी मोजणार आहेस का? जा. एवढी गल्ली छळलीस ती कशासाठी?” सून गेली, आणि संध्याकाळी परत आली ती दारातूनच मान हलवत.

“झाले पास. पण एक जोडी चुकली.”

“कुठली?”

“खाज आणि गुदगुल्या.”

“अगं, त्याला माणूस नव्हता मिळाला?”

“मिळाला होता हो. पाववाल्याचा भाऊ. पण तो हसतच सुटला, बोललाच नाही काही.”

तिच्या मागोमाग शिकवणाऱ्या बाई स्वतः आत आल्या. दिसायला लहानखुऱ्या, हातात छत्री. माईला वाटलं होतं तितक्या खमक्या दिसत नव्हत्या. खुर्ची घेऊन त्या बसल्या आणि सरळ विषयालाच हात घातला.

“माई, आमच्या वर्गात मुलं येतात ती धडधाकट. दुखणं म्हणजे काय, त्यांना ठाऊक नाही. पेशंटांना त्रास देऊन किती शिकवायचं? आठवड्यातून एकदा तुम्ही याल? बसायचं आणि सांगायचं. मुलं विचारतील, तुम्ही उत्तरं द्यायची.”

माई संकोचली. “नको हो. मला तक्रार करायची सवय नाही. माझा नेम आहे तसा.”

“तक्रार कोण म्हणतंय? सांगायला बोलावतेय मी.”

“दोन्ही एकच की.”

“एकच?” बाईंनी भुवया उंचावल्या. “सूनबाईंनी तुमचं सांगणं मला सांगितलं, गाठोड्याचं. त्यात तक्रार कुठे होती?”

माई आठवून पाहू लागली. स्वयंपाकघर, उघडी शेंग, मिटलेले डोळे. तिनं कुणाला दोष दिला नव्हता, कुणाकडून काही मागितलं नव्हतं. जे होतं ते जसंच्या तसं समोर ठेवलं होतं, जसं रोज सकाळी खुर्चीत बसून ठेवत आली होती. एवढ्या वर्षांत तिनं देवापाशी तरी कधी तक्रार केली होती? सांगितलं होतं फक्त. सांगणं आणि तक्रार. लांबून सारखीच दिसत होती खरी.

“जोडी आहे,” ती पुटपुटली.

“आहे ना,” बाई म्हणाल्या. “याल?”

“चालता येऊ लागलं की येईन,” माई म्हणाली. “वचन.”

घरी आल्यावर काही दिवस तिला कुणी भांडंसुद्धा उचलू दिलं नाही. मग डॉक्टरीणबाईंनी थोडं थोडं चालायला सांगितलं, मग जिना, वळणावळणाला थांबत. दुसऱ्या वळणावर माई मुद्दाम जास्त वेळ उभी राहायची आणि वाट पाहायची. काही येऊन बसायचं नाही. पुढे बसनं जायचीही परवानगी मिळाली. सकाळचा नेम चालूच होता. फरक एवढाच, की तिथून उठली की चहा घेताना सून विचारायची, “त्याला सांगितलंत ते आता मला सांगा,” आणि माई सांगायची. गुडघ्याचं सांगून झालं की सून म्हणायची, “हे एक,” आणि कानाचं झालं की दोघी मिळून त्या शिट्टीला शब्द शोधत बसायच्या.

वर्गाच्या दिवशी सकाळी तिनं खुर्चीतून उठून पाणी प्यायलं. लेक आरशासमोर दाढी करत बेसूर गात होता, सून न्हाणीघरात होती. आज जायचं हे दोघांनाही ठाऊक होतं, पण वेळ तिनं सांगितली नव्हती. सांगितली असती तर लेकानं गाडी काढली असती आणि सुनेनं रजा. माईनं काल स्वतः इस्त्री केलेला करडा झगा घातला, गोळ्यांची डबी खिशात चाचपली, टेबलावरच्या ताटलीखाली ‘बसनं गेले आहे, बरी आहे’ अशी चिठ्ठी ठेवली, आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.

खालच्या मजल्यावर शिंपीणबाईंचं मशीन चालू होतं. त्या दारावरून ती पावलं न वाजवता पुढे गेली, नाहीतर गप्पांत वर्ग बुडाला असता. रस्त्यावर ऊन नुकतंच पसरू लागलं होतं. कोपऱ्यावरून बस सुटताना दिसली. माई पळाली नाही. थांब्याच्या खांबाला टेकून ती पुढच्या बसची वाट पाहू लागली, आणि मुलांना पहिलं कुठलं दुखणं सांगावं, याचा विचार करू लागली.